गोठ्याचे दार आणि कायद्याचे कुलूप

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेतील मुलांनाही मुखोद्गत असतात. प्राण्यास बांधून वा कोंडून ठेवणे, त्यास मारणे, त्याचे अवयव छेदणे, त्याच्यावर शक्तीबाहेर भार घालणे आणि त्याचे अन्नपाणी रोखणे. उमास्वाती आचार्यांनी तत्त्वार्थसूत्रात हे पाच दोष सांगितले त्या काळी गाय दारात होती आणि बैल अंगणात होता. मालकाने चाबूक ओढला तर शेजाऱ्यास दिसत असे. आज अमेरिकेतील एखाद्या मोठ्या वराहपालन केंद्रात गाभण मादी जेमतेम दोन फूट रुंदीच्या लोखंडी चौकटीत उभी असते. तिला मागे वळताही येत नाही. कोंबडीच्या पिलाच्या चोचीचे टोक तापलेल्या पात्याने छाटले जाते. अंड्यांचे प्रमाण घटले की कोंबड्यांचे खाद्य कित्येक दिवस बंद ठेवण्याची पद्धत तेथे दीर्घकाळ सर्रास चालली. मांसासाठी वाढविलेल्या कोंबडीचे वजन सहा-सात आठवड्यांत इतके फुगविले जाते की तिचे पाय तिचाच देह पेलू शकत नाहीत. अतिभार म्हणावा तो हाच, फक्त तो पाठीवर न लादता अंगात भरलेला. पाचही अतिचार तेथे एका छताखाली नांदतात आणि शेजारी मात्र कोणी नाही. इमारतीला खिडकी नसते, फाटकावर पाटी असते आणि आत जाण्यास मज्जाव असतो.

अशा बंद दारामागचे चित्र ज्यांनी बाहेर आणले त्यांनाच गुन्हेगार ठरविण्याचे जे कायदे अमेरिकेत झाले, तो या व्याख्यानाचा विषय आहे. अहिंसेचे व्रत घेतलेल्या समाजाने तो समजून घेणे अगत्याचे आहे. कारण त्या कायद्यांत जीवदया जितकी गुंतली आहे, तितकेच सत्यव्रतही गुंतले आहे.

प्रथम तेथील कायद्याची स्थिती पाहावी. अमेरिकेत १९६६ चा प्राणिकल्याण कायदा आहे, परंतु अन्नासाठी पाळलेले पशू त्याच्या कक्षेतून वगळलेले आहेत. कत्तलीच्या वेळी पशूस आधी बेशुद्ध करावे असे सांगणारा १९५८ चा कायदा आहे, परंतु तो कोंबड्यांना लागू केला जात नाही. आणि तेथे कापल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोंबड्यांचीच संख्या प्रचंड बहुसंख्येने आहे. राज्याराज्यांत क्रौर्यविरोधी कायदे आहेत, पण पुष्कळ राज्यांनी ‘व्यवसायात रूढ असलेली पद्धत’ त्यातून सोडून दिली आहे. म्हणजे एखादी गोष्ट सगळेच करू लागले की ती क्रौर्यातून आपोआप बाद होते. हिशेबाच्या वहीत असा नियम कोणी चालू दिला नसता. जेथे सरकारी निरीक्षक पोचत नाही, तेथे पाहणार कोण? प्राणिमित्र संस्थांनी यावर मार्ग काढला तो असा : त्यांचा माणूस साध्या मजुराप्रमाणे अर्ज करून नोकरीस लागतो, अंगावर लहानसा छुपा कॅमेरा बाळगतो, काही आठवडे सर्वांसारखे काम करतो आणि जे दिसेल ते टिपून आणतो.

ही रीत नवी नव्हे. १९०४ मध्ये अप्टन सिंक्लेअर हा तरुण लेखक शिकागोच्या कत्तलखान्यांच्या वस्तीत सात आठवडे मजुरांत मिसळून राहिला. त्यातून ‘द जंगल’ ही कादंबरी निघाली आणि १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या सहीने मांसतपासणीचा कायदा झाला. ज्या देशाच्या अन्नकायद्याचा पायाच अशा वेषांतराने घातला, त्याच देशात पुढे वेषांतर हा अपराध व्हावा, हा इतिहासाचा विचित्र न्याय होय.

अलीकडच्या काळातील सर्वांत बोलके प्रकरण कॅलिफोर्नियातील चिनो या गावचे आहे. तेथील कत्तलखान्यात दुधाला आटलेल्या, थकलेल्या गाई येत. २००७ च्या अखेरीस ‘ह्यूमेन सोसायटी ऑफ द युनायटेड स्टेट्स’ या संस्थेचा (२०२५ पासून ती ‘ह्यूमेन वर्ल्ड फॉर ॲनिमल्स’ या नावाने ओळखली जाते) एक माणूस तेथे सुमारे सहा आठवडे काम करीत होता. जानेवारी २००८ च्या अखेरीस संस्थेने चित्रफीत प्रसिद्ध केली. उभे राहण्याचे त्राण नसलेल्या गाईंना माल उचलण्याच्या यंत्राच्या लोखंडी दात्यांनी ढकलले जात होते, विजेचे झटके दिले जात होते, नाकातोंडात नळीने जोराचे पाणी सोडले जात होते. हे सारे कशासाठी? तर गाय क्षणभर उभी राहिली पाहिजे, निरीक्षकाच्या नजरेखालून गेली पाहिजे. जी गाय स्वतःहून उठू शकत नाही तिच्यात मेंदूच्या घातक रोगाची शक्यता अधिक मानली जाते, म्हणून तिचे मांस बाजारात येऊ नये असा नियम होता.

येथे दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्यासारख्या आहेत. सदर कत्तलखान्यात सरकारी निरीक्षक नेमलेले होते; तपासणी रोज होत होती. दुसरे असे की, हा कारखाना सरकारी शालेय भोजन योजनेस मांस पुरवीत होता आणि पूर्वी त्यास कृषी खात्याकडून वर्षातील उत्तम पुरवठादार म्हणून गौरविलेही गेले होते. कागद निर्दोष होते. चित्रफीत बाहेर आल्यावर १७ फेब्रुवारी २००८ रोजी १४ कोटी ३० लाख पौंड गोमांस परत मागविण्यात आले. तोवरच्या अमेरिकेच्या इतिहासात मांस परत बोलाविण्याची एवढी मोठी घटना घडली नव्हती. त्यापैकी सुमारे ३ कोटी ७० लाख पौंड शाळांच्या भोजन योजनेत गेलेले होते आणि बरेचसे मुलांच्या पोटात पोचलेही होते. कंपनीच्या अध्यक्षास मार्च महिन्यात संसदेच्या समितीसमोर बोलाविले गेले. दुर्बल गाईंचे मांस अन्नात गेलेच नाही, असे त्याने प्रथम सांगितले. चित्रफीत समोर लावल्यावर त्यास ते कबूल करावे लागले. दोन कामगारांवर खटले झाले. २००९ मध्ये उठू न शकणाऱ्या गाईंच्या कत्तलीस सरसकट बंदी करून सरकारने नियमातील फट बुजविली. एका मजुराच्या सदऱ्यातील बोटभर यंत्राने एवढे घडविले.

आता या उद्योगाने काय करावयास हवे होते, हे सांगण्यास मोठ्या बुद्धीची गरज नाही. केले मात्र उलट.

असे कायदे पूर्वीही थोडे होते. १९९० मध्ये कॅन्सस राज्याने पहिला कायदा केला. १९९१ मध्ये मोंटाना आणि नॉर्थ डाकोटा यांनी त्याचे अनुकरण केले. त्या काळी काही अतिरेकी मंडळी प्रयोगशाळांत घुसून तोडफोड करीत, आगी लावीत. त्या भयातून ते कायदे आले होते. परंतु २०११ नंतरची लाट निराळी होती. आता रोख आग लावणाऱ्यावर नव्हता, छायाचित्र घेणाऱ्यावर होता. एप्रिल २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे स्तंभलेखक मार्क बिटमन यांनी या कायद्यांना ‘ॲग-गॅग’ हे नाव दिले. ‘ॲग’ म्हणजे शेती आणि ‘गॅग’ म्हणजे तोंडात कोंबलेला बोळा. नाव इतके नेमके बसले की न्यायालयाच्या निकालपत्रांतही ते येऊन बसले.

मार्च २०१२ मध्ये आयोवा राज्याचे गव्हर्नर टेरी ब्रॅन्स्टॅड यांनी अशा कायद्यावर सही केली. आयोवा हे अंडी आणि डुकराच्या मांसाच्या उत्पादनात अमेरिकेतील पहिले राज्य. तेथील एका मोठ्या पिले उबविण्याच्या केंद्रात नर पिले जिवंत यंत्रात टाकून चिरडली जातात, हे २००९ मध्ये ‘मर्सी फॉर ॲनिमल्स’ या संस्थेने चित्रित केले होते. अंडी न देणाऱ्या जातभावाचा त्या धंद्यात उपयोग नाही, एवढाच त्या पिलांचा दोष. २०१० मध्ये आयोवातीलच अंड्यांतून रोग पसरल्याने पन्नास कोटींहून अधिक अंडी परत मागवावी लागली होती. २०११ मध्ये आणखी एक चित्रफीत आली आणि मॅकडॉनल्ड्सने आपला अंडी पुरवठादार सोडला. एवढे झाल्यावर पुढील वसंतात कायदा आला. नोकरीच्या अर्जात हेतू लपवून पशुशाळेत प्रवेश मिळविणे हा त्यान्वये गुन्हा ठरला. त्याच महिन्यात युटा राज्यानेही कायदा केला.

याच सुमारास काही राज्यांत निराळा आणि अधिक चतुर मसुदा पुढे आला. त्यात चित्रीकरणास बंदी नव्हती. क्रौर्य दिसल्यास ते चित्रण चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांत पोलिसांकडे दिलेच पाहिजे, एवढीच सक्ती होती. मिसूरीने २०१२ मध्ये असाच कायदा केला. वरवर पाहता ही तरतूद प्राण्यांच्याच बाजूची भासते. क्रौर्य पाहूनही आठवडेच्या आठवडे गप्प का बसावे, असा प्रश्न कोणासही पडेल. परंतु ज्यास व्यवहार कळतो त्यास यातील मेख कळेल. पहिल्याच दिवशी चित्रण दिले की माणूस उघडा पडतो, नोकरी जाते, आणि मालक म्हणतो, एका कामगाराचा एका दिवसाचा तोल सुटला, त्यास आम्ही काढून टाकले. ही चूक त्या कामगाराची की त्या कारखान्याची रोजची रीत, हे सिद्ध व्हायला दिवस लागतात. एका ठिकाणी आखूड भरलेले थान पाहून गिरणीस दोष देता येत नाही. गठ्ठाच्या गठ्ठा मोजावा लागतो. गठ्ठा मोजूच नये, हाच त्या घाईमागील हेतू होता. २०१३ मध्ये टेनेसीच्या विधिमंडळाने असाच कायदा संमत केला. गव्हर्नर बिल हॅस्लम यांनी तो नकाराधिकार वापरून रोखला, हे त्यांच्या विवेकास शोभणारे होते.

युटातील एक प्रसंग तर हास्यास्पद वाटावा असा आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये एक तरुणी एका कत्तलखान्याबाहेर सार्वजनिक रस्त्यावर उभी राहून आपल्या फोनवर चित्रण करीत होती. आजारी वा जखमी दिसणारी एक जिवंत गाय यंत्रावर उचलून नेली जात असल्याचे तिने पाहिले होते. नव्या कायद्याखाली तिच्यावर खटला भरला गेला. अमेरिकेत असा खटला प्रथमच होत होता. तिने कुंपण ओलांडलेच नव्हते, हे तिच्याच चित्रणातून दिसले आणि एप्रिलअखेर खटला मागे घ्यावा लागला. पुढे हीच तरुणी त्या कायद्याविरुद्धच्या दाव्यात वादी झाली. जुलै २०१७ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट शेल्बी यांनी युटाचा कायदा घटनाबाह्य ठरविला.

त्यापूर्वीच आयडाहोचा निकाल लागला होता, आणि तो विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण तेथे प्रश्न दुधाचा होता. मांसाचे नाव काढताच जैन श्रोता निश्चिंत होतो की हे आपल्या ताटातील नव्हे. दुधाबाबत तसे म्हणता येत नाही.

आयडाहो हे अमेरिकेतील अग्रगण्य दूधउत्पादक राज्य. २०१२ मध्ये तेथील हॅन्सन गावच्या एका दुग्धशाळेत ‘मर्सी फॉर ॲनिमल्स’च्या माणसाने कामगारांना गाईंना मारताना, विजेचे झटके देताना आणि एका गाईस गळ्यात साखळी घालून ट्रॅक्टरने ओढताना टिपले. तीन कामगारांवर आरोप ठेवले गेले. यानंतर राज्यातील दूध उत्पादकांच्या संघटनेने स्वतःच एका विधेयकाचा मसुदा तयार केला, विधिमंडळाने तो स्वीकारला आणि २८ फेब्रुवारी २०१४ रोजी गव्हर्नर बुच ऑटर यांनी त्यावर सही केली. मालकाच्या संमतीविना पशुशाळेत चित्रण केल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि ५,००० डॉलरपर्यंत दंड. त्याच राज्यात प्राण्यास क्रूरपणे वागविण्याच्या पहिल्या गुन्ह्यास कमाल कैद होती सहा महिने. गाईला साखळीने ओढणाऱ्यास सहा महिने आणि ते चित्र दाखविणाऱ्यास बारा! विधिमंडळातील चर्चेत एका सदस्याने या तपासनिसांची तुलना शत्रूस उपाशी मारण्यासाठी पिके उद्ध्वस्त करणाऱ्या जुन्या काळच्या आक्रमकांशी केली होती.

३ ऑगस्ट २०१५ रोजी न्यायाधीश लिन विनमिल यांनी हा कायदा रद्द केला. अशा प्रकारचा कायदा रद्द करणारे ते पहिले न्यायालय होय. त्यांनी अप्टन सिंक्लेअरचे स्मरण केले : हा कायदा तेव्हा असता तर त्याचे संशोधनही गुन्ह्यात मोडले असते. २०१८ च्या जानेवारीत वरिष्ठ न्यायालयाने चित्रीकरणावरील बंदी घटनाबाह्यच ठरविली. मात्र मालकाचे नुकसान करण्याच्या हेतूने खोटे सांगून नोकरी मिळविणे आणि खोटे सांगून कार्यालयीन कागदपत्रे हस्तगत करणे, या दोन गोष्टी गुन्हा म्हणून कायम ठेवल्या. हा भेद महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे वळावयाचे आहे.

इतर राज्यांची हकीकत थोडक्यात. नॉर्थ कॅरोलिनाच्या २०१५ च्या कायद्यात दिवसास ५,००० डॉलर भरपाईची तरतूद होती आणि तो वृद्धाश्रम, पाळणाघरे यांनाही लागू पडेल या भीतीने ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनेनेही त्यास विरोध केला होता. २०२० मध्ये न्यायालयाने त्यातील तरतुदी अडविल्या, २०२३ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने मुख्यत्वे तोच निर्णय कायम केला. कॅन्ससच्या कायद्याची प्रमुख कलमेही २०२० मध्ये रद्द झाली. आयोवाची चिकाटी मात्र दांडगी. पहिला कायदा जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयात पडला. दोन महिन्यांत त्या राज्याने दुसरा केला, २०२० मध्ये तिसरा, २०२१ मध्ये चौथा. आणि जानेवारी २०२४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने दुसऱ्या व चौथ्या कायद्यावरील खालच्या न्यायालयांची बंदी उठविली. तेव्हा सत्याचा सर्वत्र विजय झाला, असे सांगून टाळ्या घेण्याजोगी ही कथा नाही. कॅनडातील ओंटारिओ, ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स येथेही असेच वाद न्यायालयांत गेले आणि निकाल एकसारखे लागलेले नाहीत.

शेतकऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. एकांतवाद हा जैन दृष्टीस मान्य नाही. पुष्कळ ठिकाणी पशुशाळा आणि राहते घर एकाच आवारात असते. परक्या माणसाच्या पायांनी रोगजंतू येऊ शकतात, ही भीती खोटी नव्हे. आठवड्यांचे चित्रण कापून चार मिनिटांत दाखविले तर दिवसभर नीट वागणारा मालकही राक्षस दिसू शकतो. शिवाय कोणत्या दुकानदारास आवडेल, की गल्ल्याशेजारी उभा केलेला नोकर प्रत्यक्षात दुसऱ्याच्याच कामावर आला आहे? हे आक्षेप हलके नाहीत. परंतु अतिक्रमण, चोरी, नासधूस, बदनामी यांसाठी अमेरिकेत आधीच कायदे होते. नव्या कायद्यांनी त्यांत भर घातली ती एवढीच की, खरे चित्र दाखविणे हेही नुकसान ठरले. मालकाचे नुकसान चित्रामुळे झाले की चित्रात जे होते त्यामुळे, हा प्रश्न त्यांनी विचारूच दिला नाही.

आता सत्यव्रताचा प्रश्न. तपासनीस अर्जावर खोटे लिहितो. खोटा लेख करणे हा सत्य अणुव्रताचा अतिचार आहे, आणि दुसऱ्याचे गुपित उघड करणे हाही आहे. मग जैन श्रावकाने अशा कामाची अनुमोदना करावी काय? अमेरिकन न्यायालयांपुढे हाच प्रश्न निराळ्या पोशाखात उभा होता. २०१२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, खोटे शौर्यपदक मिरविणाऱ्या एका माणसाच्या खटल्यात, निव्वळ असत्य बोलणे हा गुन्हा होऊ शकत नाही, त्यातून कोणास हानी व्हावी वा बोलणाऱ्यास अनुचित लाभ व्हावा, असा दंडक घातला. आयडाहोच्या निकालात वरिष्ठ न्यायालयाने जी रेषा ओढली ती याच दंडकावर.

जैन आचार्यांनी हा विचार शतकांपूर्वी केलेला आहे. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात, ज्यायोगे दुसऱ्यावर संकट ओढवेल असे सत्यही श्रावकाने बोलू नये, असे सांगितले आहे. अमृतचंद्र आचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात तर सर्व व्रते अहिंसेचाच विस्तार मानली. त्यावरून असत्यास मुभा मिळते असा अर्थ काढणे घातक ठरेल. व्यापाऱ्याने तो काढला तर तराजू उरणार नाही. परंतु दोन असत्यांची तुलना मात्र करता येते. एक, मजुरीच्या अर्जावर हेतू न लिहिणारा माणूस. दुसरे, दुधाच्या खोक्यावर हिरव्या कुरणात चरणारी गाय छापणारा उद्योग. कायद्याने शिक्षा सांगितली ती पहिल्यास. तपासनिसाच्या असत्यास सर्वथा निर्दोष म्हणता येणार नाही. तो सहा आठवडे त्याच हिंसेत हात घालतो, समोर गाय कण्हत असता बोलत नाही, हा दोषही त्याच्या पदरी आहेच. व्रतधारी श्रावकाने ते काम करावे असे कोणी सुचवू नये. पण त्याने आणलेले पाहूही नये, असे मात्र शास्त्र कोठे सांगत नाही. कृत, कारित आणि अनुमोदित असे हिंसेचे तीन मार्ग सांगितले आहेत. न पाहता विकत घेणारा त्यांपैकी कोठे बसतो, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

भारतात असे चित्रीकरणबंदीचे कायदे झालेले नाहीत. येथे १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आहे आणि त्यात पहिल्या गुन्ह्यास दहा ते पन्नास रुपये दंड सांगितलेला आहे. विधी आयोगाने २०१७ मध्ये २६९ व्या अहवालात कोंबड्यांच्या पिंजऱ्यांचा प्रश्न मांडला, तो कितीजणांच्या वाचनात आला? मुंबईच्या भुलेश्वरात १८३४ मध्ये सर जमशेदजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ यांनी पांजरापोळ उभी केली. आजही दाता तेथे जातो, गाईच्या पाठीवर हात फिरवितो. ज्या गोठ्यातून त्याच्या घरी दूध येते, तेथे तो गेलेला नसतो. येथे दाराला कायद्याचे कुलूप नाही. तरी दार लोटून पाहिले जात नाही.

अमेरिकेतील जैन समाजात ते पाहिले गेले. तेथील जैन संस्थांचा ‘जैना’ हा महासंघ १९८१ मध्ये स्थापन झाला. महाराष्ट्रातून गेलेली अनेक कुटुंबे त्यातील संघांत आहेत. महासंघाच्या शिक्षणविषयक कामात आयुष्य घालविलेल्या एका श्रावकाने १९९० च्या दशकात व्हरमाँट राज्यातील एका दुग्धशाळेस भेट दिली. मंदिरात अभिषेकास आणि घरी तूप-मिठाईस वापरले जाणारे दूध कोठून येते, हे त्यास पाहावयाचे होते. गाय दरवर्षी गाभण ठेवली जाते, वासरू जन्मताच दूर केले जाते, नर वासरू कत्तलीच्या वाटेस लागते आणि दूध उतरले की चार-पाच वर्षांची गायही त्याच वाटेने जाते, हे त्याने समक्ष जाणून घेतले आणि इंग्रजीत लिहून काढले. त्या लेखाच्या प्रती संघोसंघी फिरल्या, त्यावर पाठशाळांत वाद झाले, कित्येक घरांतून दूध बंद झाले, कित्येकांतून झाले नाही. त्या श्रावकाजवळ छुपा कॅमेरा नव्हता, खोटा अर्ज नव्हता. त्याने दुग्धशाळेच्या मालकास विचारले, आणि मालकाने आत नेऊन सर्व दाखविले.